विक्रेत्यांवरचं नवं शुल्क आणि आपला ऑनलाइन लिलाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या महिन्यात लिलावाच्या साइटनं विक्रेत्यांचे दर बदलले. तेव्हापासून माझा फोन सकाळच्या पोह्यांपासून रात्री इंदूरच्या सराफ्यात खाऊगल्ली भरेपर्यंत वाजतोय. रामबागेतले काका, सुदामानगरच्या वहिनी, खजुरी बाजारात जुनी पुस्तकं विकणारे दोघे भाऊ, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच. मी नाणी, तिकिटं आणि जुनी पोस्टकार्डं विकते. इंदुरातल्या दहा-बारा घरांचा लिलावाचा हिशेबही मीच मांडून देते. म्हणून म्हटलं, उत्तरं एकदाच लिहून ठेवू. ज्यांना घाई आहे त्यांनी चौथा आणि सातवा प्रश्न तेवढा वाचावा, बाकीचं सवडीनं.

१. नक्की बदललं काय?

आधी लॉट, म्हणजे एका वेळी विकायला ठेवलेली वस्तू किंवा जुडी, टाकतानाच दहा रुपये भरायचे आणि विकला गेला तर शेवटच्या बोलीवर ५ टक्के. आता लॉट टाकायला काही नाही. विकला गेला तर १२ टक्के, शिवाय ऑर्डरमागे १५ रुपये. हे १२ टक्के नुसत्या बोलीवर नाहीत, गिऱ्हाइकाकडून घेतलेला टपालखर्चही त्यात धरतात. वर १८ टक्के जीएसटी, तो पूर्वीही होताच. साइटच्या पत्रात ‘आता लिस्टिंग मोफत’ हे ठळक अक्षरात पहिल्या ओळीत होतं आणि बाकी सगळं खाली, चष्मा लावून वाचायच्या आकारात.

२. हजाराच्या लॉटमागे हातात किती पडतात?

परवाचाच लॉट घेते. यशवंतराव होळकर दुसरे यांची छबी असलेली १९३५ ची तांब्याची तीन नाणी, दोन पाव आणे आणि एक अर्धा आणा. फोटो गच्चीत सकाळी आठच्या तिरप्या उन्हात काढले. वरून दिवा मारला की तांबं लालभडक दिसतं आणि महाराजांच्या नाकावरची झीज लपते. मग माल घरी गेल्यावर गिऱ्हाईक भांडतं. लॉट बरोबर हजारावर थांबला. टपालाचे साठ धरून गिऱ्हाइकानं १०६० भरले.

जुन्या दरानं लिस्टिंगचे १० आणि बोलीच्या ५ टक्क्यांचे ५०, मिळून ६०. त्यावर जीएसटी १०.८०. कपात झाली असती ७०.८० रुपये.

नव्या दरानं १०६० चे १२ टक्के म्हणजे १२७.२०, त्यात ऑर्डरचे १५, झाले १४२.२०. जीएसटी २५.६०. कपात १६७.८० रुपये.

स्पीड पोस्टला पन्नास ग्रॅमच्या आत, गावाबाहेर ४७ रुपये आणि जीएसटी, म्हणजे ५५.४६. ते वजा केल्यावर आधी ९३३.७४ उरले असते, आता ८३६.७४ उरले. फरक ९७ रुपये. पाकीट, दोन पुठ्ठे, सेलोटेप आणि पोस्टापर्यंतचं पेट्रोल मी धरलेलं नाही.

‘पाचाचे बारा झाले, म्हणजे सातच टक्के वाढले ना’ असं काका म्हणाले. नाही काका, वाढ जवळजवळ दहा टक्क्यांची आहे. टपालावरचं कमिशन, ऑर्डरचे पंधरा आणि या सगळ्यावरचा जीएसटी त्या सातात दिसत नाही.

३. टपालावर कसलं कमिशन? तो पैसा माझ्या खिशात येतच नाही.

राग बरोबर आहे, पण याची सुरुवात आपल्यासारख्यांनीच केली. कमिशन फक्त बोलीवर होतं तेव्हा काही विक्रेते लॉट एक रुपयाला ठेवायचे आणि टपालखर्च तीनशे लिहायचे. बोली कमी, कमिशन कमी, कमाई टपालातून. ही पळवाट जगभर होती. अमेरिकेत ईबे या मोठ्या लिलावाच्या साइटनं २०११ मध्ये टपालखर्चही कमिशनच्या हिशेबात घेतला तो त्यासाठीच. शहाण्यांनी केलं, भोगतो आपण.

आपल्याकडे त्यात आणखी एक भर पडली. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. स्वस्त रजिस्टर्ड पाकिटावर ज्यांचा धंदा उभा होता त्यांचा टपालखर्च आधीच चढला होता, आता त्या चढलेल्या खर्चावर कमिशन बसतंय.

४. मग हे शुल्क किमतीत चढवून गिऱ्हाइकाकडून वसूल करू का?

दुकान असतं तर केलं असतंत. शेवेचा भाव वाढला की दुकानदार पाटी पुसून नवा आकडा लिहितो. लिलावात पाटी तुमच्या हातात नाही.

साइटवर बोली कशी लागते ते नीट बघा. गिऱ्हाईक आपली कमाल रक्कम एकदाच लिहून ठेवतं, समजा १५००. दुसऱ्या क्रमांकाच्या माणसानं ९८० लिहिलेत. साइट पहिल्याच्या वतीनं बोली वाढवत नेते आणि दुसऱ्याच्या एक पायरी पुढे थांबते. लॉट जातो हजाराला. या सगळ्यात तुमचं शुल्क कुठे आलं? ९८० लिहिणाऱ्याला साइट तुमच्याकडून पाच घेते की बारा, हे ठाऊकही नाही आणि ठाऊक असतं तरी त्यानं दोन रुपये जास्त लिहिले नसते. म्हणून पहिल्या दिवशी सगळा भार विक्रेत्यावर.

तुमच्या हातात तीनच गोष्टी आहेत. सुरुवातीची बोली वर न्यायची, माल कमी टाकायचा, किंवा टाकायचाच नाही. विक्रेत्यांनी मिळून या गोष्टी केल्या की हळूहळू माल दुर्मिळ होतो आणि भाव थोडा चढतोही. पण ज्याला दुसरीकडे तोड नाही अशाच वस्तूचा. होळकर संस्थानाचं १८८६ चं पहिलं तिकीट जुन्या लिफाफ्यावर, स्वच्छ शिक्क्यासकट असेल तर चढेल. पाव आण्यांचे आठ लॉट एकाच आठवड्यात टांगलेले असतील तर तुमचा एक काढून घेतल्यानं कुणाला फरक पडत नाही.

५. साइटनं हेच शुल्क खरेदीदाराकडून घेतलं असतं तर आपण सुटलो असतो?

सुटल्यासारखं वाटलं असतं. क्रिस्टीज आणि सदबीज या लंडनच्या लिलावघरांनी १९७५ मध्ये खरेदीदारावर दहा टक्के अधिभार लावला, तेव्हापासून हा वाद चालू आहे. ईबेनं जर्मनीत २०२३ मध्ये घरगुती विक्रेत्यांचं शुल्क काढलं, ब्रिटनमध्ये २०२४ मध्ये काढलं आणि फेब्रुवारी २०२५ पासून तिथल्या खरेदीदारावर शुल्क बसवलं.

मुरलेलं गिऱ्हाईक काय करतं? त्याच्या मनात नाण्याची किंमत हजार आहे, सगळं धरून. वर शंभर लागणार असतील तर ते नऊशेवर हात आखडतं. पैसे शेवटी तुमच्याच लॉटमधून गेले, फक्त पावतीवर तुमचं नाव नाही. नवखं गिऱ्हाईक मात्र अधिभार विसरून बोली लावतं आणि बिल आल्यावर माल सोडवत नाही, तो ताप वेगळा. आपल्या मंडीतही मंडी शुल्क व्यापाऱ्यानं भरायचं असतं, शेतकऱ्यानं नाही. पण बोली लावताना व्यापाऱ्यानं ते मनात धरलेलं नसतं असं कुणी शपथेवर सांगेल का?

६. सुरुवातीची बोली किती ठेवावी?

इथे पहिल्या आठवड्यात मीच चुकले, म्हणून खुलासेवार लिहिते.

मला एका लॉटमागे निदान आठशे हवे होते. १२ टक्क्यांवर जीएसटी धरला की कमिशन १४.१६ टक्के होतं. मी आठशेत १४.१६ टक्के मिळवले, ९१३ आले, तेवढ्याला लॉट लावला. चूक. कमिशन आठशेवर कापत नाहीत, अख्ख्या ९१३ वर कापतात, शिवाय टपालाच्या साठांवरही. लॉट तिथेच गेला असता तर माझ्या हातात ७५७ पडले असते. नशिबानं दोघे जण भिडले आणि पुढे गेला.

बरोबर रीत भागाकाराची. आठशेत आधी ऑर्डरचे १७.७० आणि टपालावरच्या कमिशनचे ८.५० मिळवा, दोन्ही जीएसटीसकट. झाले ८२६.२०. याला ०.८५८४ नं भागा, म्हणजे शंभरातून १४.१६ गेल्यावर उरतं त्यानं. उत्तर येतं ९६३. टपालाचे साठ टपालातच जातात असं धरलंय. जुन्या दरानं हाच आकडा ८६३ होता. म्हणजे तेच आठशे हातात यायला लॉट शंभर रुपये वरून सुरू करावा लागतो.

आणि गोम इथेच आहे. ९६३ वरून सुरू केलेल्या लॉटकडे गिऱ्हाईक बघतं आणि पुढे सरकतं. ९९ वरून सुरू केलेल्यावर ‘लावून तर बघू’ म्हणून पाच जण हात टाकतात. एकदा हात टाकला की माणसाला ती वस्तू अर्धी आपलीच वाटायला लागते.

७. बोली लावणारे दोन-चार कमी झाले तर एवढं काय बिघडतं?

माझ्या मते सगळ्यात जास्त तेच बिघडतं, शुल्कापेक्षाही. लोक टक्क्यांवर भांडतात आणि हे मोजतच नाहीत.

एक साधा हिशेब बघा, लिलावाच्या पाठ्यपुस्तकांतला. विल्यम विक्री या अर्थतज्ज्ञानं १९६१ मध्ये लिलावाचं गणित मांडलं. त्याला १९९६ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हा हिशेब त्याच परंपरेतला. समजा एका नाण्यासाठी प्रत्येक गिऱ्हाईक शून्य ते हजार यांमधली कुठलीही रक्कम द्यायला तयार आहे, कोण किती ते नशिबावर. लिलाव दुसऱ्या क्रमांकाच्या रकमेशी थांबतो. अशी सरासरी काढली की दोन बोलीवाले असताना भाव येतो ३३३, तीन असताना ५००, चार असताना ६००, पाच असताना ६६७, सहा असताना ७१४.

पाचातला एक उठून गेला की भाव ६६७ वरून ६०० वर, बरोबर दहा टक्के खाली. वरचा ९७ रुपयांचा फरक आठवा. म्हणजे दरवाढीनं एक घाव घातला आणि तिच्यापायी एक बोलीवाला गेला तर तेवढाच दुसरा घाव. तिघांतला एक गेला तर ५०० चे ३३३ होतात, तिथे साइटचं कमिशन चिल्लर वाटायला लागतं.

आता बोलीवाले का जातात? त्यांच्यावर तर दमडीचं शुल्क नाही. ते जातात कारण माल जातो. माझं एक जुनं गिऱ्हाईक दर रविवारी रात्री जेवण झाल्यावर बसायचं. चार विक्रेत्यांची तिकिटं चाळायचं, दोन-तीन ठिकाणी बोली लावायचं. त्यातल्या दोन विक्रेत्यांनी कंटाळून दुकान आवरलं. आता त्यांना रविवारी चाळायला दोनच जण उरले, मग ते महिन्यातून एकदा यायला लागले, मग येईनासे झाले. त्यांच्या जाण्याला माझा माल कारण नव्हता, पण माझ्या लॉटवरचा तिसरा हात तेच होते. शेजारच्या विक्रेत्याचं दुकान बंद झालं की आपल्याला बरं, असं ज्यांना वाटतं त्यांनी सराफ्यात रात्री नऊला एकटंच दुकान उघडं ठेवून बघावं.

म्हणून मी घरोघरी सांगते की वहीत तीन रकाने करा : लॉट, शेवटची बोली, आणि किती वेगवेगळ्या जणांनी बोली लावली. कमिशन साइट सांगतेच. तिसरा रकाना दोन महिने सलग घसरत असेल तर काळजी करा.

८. पण लिस्टिंग मोफत झालं, हा फायदाच नाही का?

काहींना आहे, आणि हे मान्य करायला आपले लोक तयार नसतात. ज्याचा माल पाच वेळा टांगल्यावर एकदा विकला जातो त्याचं बघा. दीडशेच्या पोस्टकार्डाला पूर्वी पाच वेळचे पन्नास, कमिशनचे साडेसात, जीएसटी धरून ६७.८५ लागायचे. आता ४७.४४. म्हणजे रेंगाळणाऱ्या मालाच्या विक्रेत्याला नवा दर स्वस्त पडतो. खजुरी बाजारातले भाऊ जुनी इंग्रजी कायद्याची पुस्तकं वर्षभर टांगून ठेवतात, त्यांनी तक्रार करू नये. ते करतात, तो भाग वेगळा.

ज्याचा माल पहिल्याच खेपेला जातो त्याला मात्र दर महाग. आणि सगळ्यांना मिळून एक त्रास असा की दहा रुपये लागायचे तेव्हा माणूस टाकायच्या आधी विचार करायचा. आता फुटके फोटो, तेच नाणं चार नावांनी, ‘दुर्मिळ’ लिहिलेला १९८२ चा पाच पैसा, सगळं आत. त्या ढिगाऱ्यात शोधायचं गिऱ्हाइकानं.

९. माझे सगळे लॉट शे-दीडशेचेच असतात. मी काय करू?

तुम्हालाच सगळ्यात जास्त लागलंय. दीडशेच्या लॉटवर, साठ टपाल धरून, कपात ४७.४४. म्हणजे बोलीच्या जवळजवळ एकतृतीयांश. वीस हजारांच्या लॉटवर ती १४.३ टक्के बसते. ऑर्डरमागचे पंधरा आणि टपालावरचं कमिशन लहान लॉटला खातं.

उपाय जुडी बांधणं. दीडशेची पाच कार्डं सुटी विकली तर कपात २३७ रुपये. पाचांचा एक लॉट साडेसातशेला गेला तर १३२. पण जुडी कशीही बांधू नका. राजवाड्याच्या एका कार्डासाठी आलेल्याला मुंबईच्या समुद्राची चार कार्डं नको असतात, तो दीडशेचेच तीनशे करेल, साडेसातशे नाही. एकाच गावाची, एकाच छापखान्याची किंवा एकाच घराण्यातल्या पत्रव्यवहाराची जुडी करा. सुदामानगरच्या वहिनींनी सासऱ्यांना आलेली महूची सगळी कार्डं तारखेनं लावून एकत्र दिली, ती सुट्यांपेक्षा चढीच गेली.

१०. साइटला पैसे कमी पडतात म्हणून हे करते का?

प्रत्येक वेळी नाही, पण सुरुवात तशीच झाली होती. पिएर ओमिड्यार यानं सप्टेंबर १९९५ मध्ये ‘ऑक्शनवेब’ सुरू केलं ते फुकट. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरना. पुढच्या वर्षी गर्दी वाढली, त्याच्या इंटरनेटवाल्यानं महिन्याला २५० डॉलर मागितले, तेव्हा त्यानं विक्रीतला छोटा हिस्सा घ्यायला सुरुवात केली. त्याचंच पुढे ईबे झालं.

मोठं झाल्यावर हिशेब बदलतो. २००८ च्या फेब्रुवारीत ईबेनं अमेरिकेत लिस्टिंगचं शुल्क उतरवलं आणि विक्रीवरचं कमिशन, पहिल्या २५ डॉलरपर्यंत, ५.२५ वरून ८.७५ टक्के केलं. ओळखीचं वाटतं ना? आपल्या साइटनं तोच साचा उचललाय. साइटचं म्हणणं असतं, ‘विकलं तरच द्या’, आणि ते ऐकायला गोड आहे. आतली गोष्ट अशी की लिस्टिंगच्या दहा रुपयांत साइटची कमाई लॉटच्या संख्येला बांधलेली असते, कमिशनमध्ये विक्रीच्या रकमेला. दुसऱ्यात साइटला महागडा माल आवडायला लागतो आणि शोधात तोच वर दिसायला लागतो. आपली पोस्टकार्डं सातव्या पानावर.

याच्या उलट टोकाला याहू. अमेरिकेतला याहूचा लिलाव लिस्टिंगला पैसे घेत नसे. २००१ च्या जानेवारीत त्यांनी ते घ्यायला सुरुवात केली आणि मालाचा ढीग बघता बघता ओसरला. २००५ मध्ये शुल्क पुन्हा काढून टाकलं. गेलेली माणसं आली नाहीत. २००७ मध्ये तिथलं दुकान बंद.

११. सगळ्यांनी मिळून आठवडाभर बहिष्कार टाकला तर?

टाकून झालाय. फेब्रुवारी २००८ मध्ये ईबेच्या विक्रेत्यांनी आठवडाभर माल काढून घेतला होता. एप्रिल २०२२ मध्ये एट्सी या हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्या साइटनं कमिशन ५ वरून ६.५ टक्के केलं तेव्हा ११ ते १८ तारखेपर्यंत हजारो दुकानं सुट्टीवर गेली. दर मागे आले नाहीत. कारण अशा आठवड्यात जे विकत राहतात त्यांना गिऱ्हाईक जास्त मिळतं. तुम्ही शटर पाडलं की समोरच्याची बोहनी चांगली होते. साइट बहिष्काराला भीत नाही, ती भिते महिनोन्महिने चुपचाप आटणाऱ्या मालाला.

तरी तक्रार लिहा. आकड्यांसकट लिहा. ‘अन्याय आहे’ एवढंच लिहिलेलं पत्र कुणी वाचत नाही. ‘माझ्या दीडशेच्या लॉटवर ३१ टक्के कपात होते’ असं लिहिलं तर निदान कुणीतरी कॅल्क्युलेटर काढतं.

१२. साइटवर गिऱ्हाईक गाठायचं आणि सौदा बाहेर फोनवर. चालतं ना?

चालतं, एकदा फसेपर्यंत. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी चांदीच्या नाण्यांचा लॉट असा बाहेर दिला. गिऱ्हाइकानं पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट धाडला, यांनी पाकीट पोस्टात टाकलं, संध्याकाळी बँकेत बघतात तर काहीच जमा नाही. साइटकडे दाद मागायची सोय नाही, कारण साइटच्या लेखी सौदा झालाच नव्हता. वर संदेशांमध्ये फोन नंबर सापडला म्हणून त्यांचं खातं पंधरा दिवस थांबवलं. हजारावरचे १६८ वाचवायला गेले आणि लॉटही गेला, खातंही.

सातव्या प्रश्नातलं इथेही लागू आहे. बाहेरच्या सौद्यात बोलीवाला एकच असतो. भाव तो ठरवतो.

१३. भाव पडू नये म्हणून मेव्हण्याच्या आयडीवरून एखादी बोली लावली तर?

नाही. ते खोटं आहे, खातं कायमचं जातं, आणि चुकून मेव्हण्यालाच लॉट पडला तर त्या ‘विक्री’वरही १२ टक्के भरावे लागतात. काकांना हे तिसऱ्यांदा सांगतेय.

१४. सेटलमेंटमध्ये आणखी बारीक कपाती दिसतात, त्या कसल्या?

त्या शुल्कात मिसळू नका. आयकराचा टीडीएस साइट कापते, ऑक्टोबर २०२४ पासून त्याचा दर एकावरून ०.१ टक्क्यावर आला. घरगुती विक्रेत्याची साइटवरची वर्षाची विक्री पाच लाखांच्या आत असेल आणि पॅन दिलेला असेल तर तोही कापत नाहीत. पॅन दिला नाही तर मात्र जबर कपात बसते, म्हणून आधी तो भरा. जीएसटीत नोंदणी असलेल्यांचा टीसीएस, म्हणजे विक्रीच्या रकमेतून साइटनं आधीच गोळा केलेला कर, कापतात, जुलै २०२४ पासून तो अर्धा टक्का आहे. या दोन्ही रकमा तुमच्या नावावर सरकारात जमा होतात, रिटर्नमध्ये परत मागता येतात. साइटचं कमिशन परत येत नाही.

जीएसटी नोंदणी असेल तर कमिशनवरच्या १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं. म्हणून नोंदणीवाल्याला हेच शुल्क थोडं हलकं पडतं. नोंदणी नसलेल्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून साइटमार्फत राज्यातल्या राज्यात माल विकता येतो, त्यासाठी एक नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. परराज्यात विकायचं असेल, किंवा घरातली एखादी वस्तू विकणं कुठे संपतं आणि धंदा कुठे सुरू होतो असा प्रश्न असेल, तर सीएला विचारा. तिथे माझी वही चालत नाही.

१५. सरळ दुसऱ्या साइटवर गेलं तर?

दर बघून जाऊ नका, गर्दी बघून जा. चीनमध्ये अलीबाबा कंपनीनं २००३ मध्ये ताओबाओ ही खरेदी-विक्रीची साइट काढली आणि विक्रेत्यांकडून शुल्क घेतलं नाही. ईबेचं तिथलं दुकान शुल्क घेत होतं आणि २००६ अखेर त्यांना माघार घ्यावी लागली. फुकटाची ताकद एवढी असते, पण सोबत गिऱ्हाईकही आलं तरच. जपानमध्ये ईबे २००२ मध्ये आटोपलं, कारण लिलाव बघायला माणसं आधीच याहूवर जमली होती. नाव तेच, जे अमेरिकेत ओस पडलं.

आपल्याकडे बाझी डॉट कॉम ही लिलावाची साइट ईबेनं २००४ मध्ये घेतली, तिचं ईबे इंडिया झालं, २०१७ मध्ये ते फ्लिपकार्टकडे गेलं आणि १४ ऑगस्ट २०१८ ला बंद झालं. एवढं मोठं अंगण मोडलं की गिऱ्हाईक विखुरतं, आणि एका ठिकाणचे तारे नि शेरे दुसरीकडे नेता येत नाहीत. म्हणून जायचंच असेल तर आधी दहा लॉट तिकडे टाका, तसेच दहा इकडे ठेवा, आणि दोन्हीकडचा तिसरा रकाना ताडून बघा. तिकडे कमिशन ३ टक्के आणि बोलीवाला एक, इकडे १२ टक्के आणि बोलीवाले चार, तर इकडेच बरं.

१६. परदेशी गिऱ्हाईक चांगला भाव देतं. होळकरी नाणं पाठवू का?

शंभर वर्षांपेक्षा जुनं असेल तर नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा देशात धंदा करायलाही परवाना लागतो. १९३५ च्या नाण्याला अजून शंभर पुरी व्हायची आहेत.

१७. तुम्ही स्वतः काय बदललंत?

तीन गोष्टी. दोनशेच्या खालचं काहीही सुटं टाकत नाही, जुड्या बांधते. ज्या लॉटवर पहिल्या दोन दिवसांत चार जणांनी लक्ष ठेवण्याची खूण केली आहे तसा माल पुढच्या खेपेला ९९ वरूनच सुरू करते, शुल्काची भीती न धरता. आणि एकुलतं एक गिऱ्हाईक असलेला माल, म्हणजे संस्थानी स्टॅम्पपेपर, भागाकार करून काढलेल्या किमतीलाच लावते. तो विकला जायला सहा महिने लागले तरी लागोत, टांगायला आता पैसे पडत नाहीत.

बाबांच्या पत्र्याच्या पेटीतली कार्डं मात्र अजून काढलेली नाहीत. काल रात्री त्यातलं एक हातात घेतलं, १९३८ चं, तुकोगंजातून देवासला गेलेलं, मोडीत लिहिलेलं. मागे टपालाचा शिक्का इतका स्वच्छ की तारीख भिंगाशिवाय वाचता येते. फोटो काढला, किंमत लिहिली, मग लॉट पुसून कार्ड परत पेटीत ठेवलं.